साठी यायच्या आधी

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठीत इतकी मुरली आहे की साठी उलटलेला माणूस कपाळावरचा चष्मा घरभर शोधू लागला तर आपण हसतो. म्हातारचळ हा शब्द त्याच पठडीतला. बुद्धी ढासळण्याला भाषेने वयाची एक जागा नेमून दिली आहे, आणि त्या जागी ती ढासळली तर कुणी फारसं दचकत नाही. पन्नाशीत ढासळू लागली तर मात्र म्हण नाही, शब्दही नाही. मग घरात भलतीच नावं पडतात. टेन्शन, पाळी जाण्याचं वय, आळस, दारू, नवऱ्याशी बिनसलंय, कुणीतरी काहीतरी केलंय. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत उतारवयातल्या रुग्णांना सरासरी २.८ वर्षं लागली, तर कमी वयाच्या रुग्णांना ४.४ वर्षं. या जास्तीच्या दीड वर्षात मोठा वाटा चुकलेल्या नावांचा असतो, असं मी जवळून पाहिल्यावरून म्हणतो.

माझी थोरली बहीण सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. ५४व्या वर्षी तिच्या वहीतल्या ओळी तिरक्या जाऊ लागल्या. दीड वर्षात तीन चष्मे बदलले, एका डोळ्याचा मोतीबिंदूही काढला. हजेरीपटातली नावं तोंडपाठ, पण नावासमोरचा चौकोन तिला सापडेना. हेडमास्तरांना वाटलं, लक्ष नाही. आम्हाला वाटलं, शाळेचा ताण. पुढे कुणीतरी 'विसरायचा आजार' म्हणालं आणि आम्ही घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या, रोज तारीख-वार विचारून तिची उजळणी घेऊ लागलो. तारीख-वार तिला आमच्यापेक्षा पक्के ठाऊक होते. चिठ्ठ्या तिला वाचता येत नव्हत्या. नेमकं निदान झालं तेव्हा कळलं की दोन वर्षं आम्ही तिला नसलेल्या आजाराची शुश्रूषा करत होतो.

पासष्टची रेघ

लक्षणं ६५ वर्षांच्या आत सुरू झाली तर वैद्यकशास्त्र त्याला अकाली स्मृतिभ्रंश म्हणतं, डॉक्टरी बोलीत अर्ली-ऑनसेट किंवा यंग-ऑनसेट डिमेन्शिया. ही रेघ मेंदूत कुठेही ओढलेली नाही. ती पाश्चात्त्य देशांतल्या निवृत्तीच्या वयावरून आली. आपल्याकडे राज्य सरकारचा बहुतेक कर्मचारी ५८ला घरी बसतो, तेव्हा आपल्यापुरती ती आणखीच अधांतरी. तरी ती पुसून टाकता येत नाही. या वयातल्या माणसाला घराने आधार द्यायचा नसतो, त्यानेच घराला दिलेला असतो. पगार त्याचा, कर्जाचे हप्ते त्याचे, दहावी-बारावीतली मुलं त्याची, आणि कित्येकदा खाटेवरचे वृद्ध आईवडीलही त्याचेच. घराचा खांबच हलू लागतो आणि त्याच्यावर टेकलेल्यांनी त्याला धरायचं असतं.

अल्झायमरचा पहिला नोंदलेला रुग्ण याच वयाचा होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ऑगस्टे डेटर ही बाई १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली तेव्हा ५१ वर्षांची होती. नवऱ्याबद्दल संशय, स्वयंपाकातल्या चुका, वस्तू लपवून ठेवणं अशी तिची सुरुवात. १९०६ च्या एप्रिलात ती वारली. आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत तिची हकिगत मांडली. एमिल क्रेपलिन यांनी १९१० मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमरचं नाव दिलं, तेही उतारवयाच्या आधी येणारा आजार म्हणून. म्हातारपणीचा ऱ्हास तेव्हा वेगळ्या खात्यात मांडला जाई. दोन्ही एकच आहेत, असं रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ मध्ये ठासून लिहिलं, आणि पुढे लक्ष, पैसा, संस्था सगळं साहजिकच जिथे संख्या जास्त तिकडे, म्हणजे वृद्धांकडे गेलं. ज्या वयाच्या बाईमुळे आजाराला नाव मिळालं, ते वय त्याच आजारात अपवाद ठरलं.

मोजदादीतही तेच. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून २०२१ मध्ये काढलेला अंदाज ३० ते ६४ वयोगटात दर लाखामागे ११९ रुग्ण असा आहे. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड पाहणीनुसार साठीच्या पुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. या पाहणीची सुरुवातच ६०व्या वर्षापासून होते. म्हण जिथे सुरू होते तिथेच मोजणीही. आमची ताई दोन्हींच्या बाहेर. सिनेमानेही आपल्या डोळ्यांपुढे वृद्धच उभा केला आहे. 'अस्तु'मधले डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले, हत्तीच्या मागे निघून गेलेले संस्कृतचे शास्त्रीबुवा आठवतात. स्टाफरूममध्ये चष्मा पुसत बसलेली मास्तरीण आठवत नाही.

एक चहा, चार आजार

आता मुख्य मुद्दा. 'स्मृतिभ्रंश' हा आपला शब्द चांगला आहे, पण तो रोगाचा एकच चेहरा दाखवतो. उतारवयातल्या अल्झायमरमध्ये बहुधा आधी हिप्पोकॅम्पस हा नवी आठवण घडवणारा भाग बिघडतो, म्हणून तिथे विसर पुढे असतो. कमी वयात आजार कुठूनही शिरतो. डोक्याच्या मागच्या बाजूने, कपाळामागून, कानशिलाकडून. कित्येकदा सुरुवातीला स्मृती बऱ्यापैकी टिकते आणि दुसरंच काहीतरी जातं. कुठलं जातं त्यावर घरातली काळजी ठरते. हे समजावून घ्यायला मी एक साधं काम घेतो : दोन कप चहा.

पहिल्या घरात आधण ठेवल्यावर साखर पडते, दोन मिनिटांनी पुन्हा पडते. दूध घालायचं राहतं. शेजारीण हाक मारते आणि गॅस चालूच राहतो. प्रत्येक पायरी येते, पण मागची झाली की नाही याची नोंद मेंदूत उरत नाही. हा स्मृतीचा बिघाड. लोकांना ओळखीचा असतो तो हाच.

दुसऱ्या घरात, म्हणजे आमच्या ताईच्या, क्रम अगदी बरोबर. आलं आधी की पत्ती आधी, यावर ती अजून वाद घालेल. पण पाणी भांड्याच्या शेजारी ओट्यावर पडतं. चिमटा समोर असून हाताला लागत नाही. गॅसचं बटण ती जिथे चाचपते तिथून वीतभर बाजूला असतं. डोळे धड आहेत. डोळ्यांनी आणलेल्या चित्राची जुळणी करणारा मेंदूचा मागचा भाग विरत चालला आहे. फ्रँक बेन्सन यांनी १९८८ मध्ये याचं वर्णन केलं. नाव पोस्टिरिअर कॉर्टिकल अ‍ॅट्रॉफी, आणि मुळाशी बहुतेक वेळा अल्झायमरच. इंग्रज कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांना २००७ मध्ये, ५९व्या वर्षी हाच आजार निघाला. टंकलेखन जमेनासं झालं तेव्हा ते तोंडी सांगून लिहीत राहिले. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

तिसऱ्या घरात चहा झकास होतो. मग तो माणूस दोन्ही कप स्वतःच पितो, वर साखरेचा डबा घेऊन बसतो, आणि आलेल्या पाहुण्याला तोंडावर म्हणतो, "काय रे, किती सुटलायस!" किंवा मग उठतच नाही; दिवसभर खुर्चीत. बायको तापाने फणफणली तरी विचारत नाही. कपाळामागचा भाग गेला की संयम, पुढाकार आणि दुसऱ्याच्या मनाची कदर जाते. आर्नोल्ड पिक यांनी प्रागमध्ये १८९२ पासून अशा रुग्णांचं वर्णन केलं. आज त्याला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात, आणि तो बहुधा ४५ ते ६५ या वयातच गाठतो. सर्वांत जास्त संसार हाच मोडतो. आजारी म्हणून कीव येण्याऐवजी स्वभाव म्हणून राग येतो, आणि निदान होईपर्यंत बायको माहेरी गेलेली असते.

चौथ्या घरात "चहा टाक" म्हटलं की विचारणा होते, "चहा म्हणजे?" शब्दाचा अर्थच पुसला गेला आहे. पातेलं हातात दिलं, पत्तीचा डबा समोर ठेवला, तर हात चहा करतात.

चहाच्या टपरीवर उभं राहून ही चार चित्रं ओळखायला कुणी न्यूरॉलॉजिस्ट लागत नाही, पण निदानाला तो लागतोच. घरच्यांनी त्याच्याकडे जाताना 'हल्ली विसरते' एवढंच न सांगता चहाची अशी पायरीवार हकिगत सांगितली, तर तपासणीची दिशा बदलते. गोळ्याही बदलतात. डोनेपेझिलसारखी औषधं अल्झायमरच्या घरात काही काळ थोडा आधार देतात; कपाळामागच्या आजारात त्यांचा उपयोग दिसलेला नाही, उलट चिडचिड वाढू शकते. निदान करताना काही उलटवता येण्याजोगी कारणं आधी बाजूला काढायची असतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावं), थायरॉइड, डोक्याला मार लागून हळूहळू साचलेलं रक्त, मेंदूत तुंबलेलं पाणी, सिफिलिस, एचआयव्ही, दारू, खोल नैराश्य. यादी रूक्ष आहे, पण यातलं एखादं निघालं तर या लेखाची गरजच उरत नाही.

उतरंड

जुन्या घरात कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असे. खालचं मडकं तडकलं की वरची सगळी धोक्यात. घरातलं प्रत्येक काम अशी उतरंड असते : एकावर एक रचलेल्या पायऱ्या. घरचे करतात काय, एक मडकं तडकलं की उतरंडच उचलून नेतात. "राहू दे, तुला नाही जमत, बस तू." हेतू मायेचा असतो. पण ५४ वर्षांच्या, हातीपायी धड माणसाला दिवसाचे १६ तास बसवून ठेवलं की तो तुम्ही दिलेल्या कामाऐवजी स्वतःला सुचेल ते काम शोधतो. कपाट उपसतो, चपला घालतो, फाटक उघडून चालू लागतो. ज्याला आपण 'त्रास देणं' म्हणतो त्यातलं निदान अर्धं रिकाम्या हातांचं असतं, असं माझं मत झालं आहे.

तेव्हा काळजीचं पहिलं सूत्र : तडकलेलं मडकं कुठलं ते शोधायचं आणि तेवढंच आपण धरायचं. प्रॅचेट यांची टंकलेखनाची पायरी गेली होती, कादंबरी रचण्याची नव्हे.

ताईच्या घरी भावोजींनी (आम्ही त्यांना दाजी म्हणतो) हे कसं केलं ते जरा जवळून सांगतो. ते एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. बिघाड शोधायची सवय हाताला होतीच. त्यांनी स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक तक्ता केला. तीन रकाने : 'तिचं', 'दोघांचं', 'आमचं'. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो नव्याने भरायचा. भाजी चिरणं 'आमचं'मध्ये गेलं, कारण सुरी आणि बोट यांतलं अंतर तिला दिसत नाही. मटार सोलणं, लसूण सोलणं, कणीक मळणं 'तिचं', कारण ते बोटांना कळतं. भाकरी 'दोघांचं' : थापायची तिने, तव्यावर टाकायची दाजींनी. भाकरी थापताना ती डोळे मिटते हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. चित्र घोटाळा करतं म्हणून ती चित्रच बंद करते आणि हात सरळ चालू लागतात. हातांची ही सवय मेंदूत आठवणींच्या भागात साठवलेली नसते. तिचा कारभार मेंदूच्या खोल गाभ्यात आणि लहान मेंदूत चालतो, आणि बहुतेक डिमेन्शियात तो भाग उशिरा हलतो.

मग घरातले रंग. स्टीलच्या चकचकीत ताटात पांढरा भात तिला दिसत नसे. 'भूक नाही' असं आम्ही समजत होतो. गडद हिरव्या ताटात वाढल्यावर ती पोटभर जेवली. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड म्हणजे तिच्यासाठी कोरा कागद. त्याला निळी सीट बसवली. उंबऱ्याजवळचं काळं पायपुसणं तिला खड्डा वाटायचं, ती तिथेच थबकायची, आणि मागून येणारा म्हणायचा, "चल ना, काय उभी राहिलीस?" ते पायपुसणं उचललं तेव्हा घरातलं रोजचं एक भांडणही उचललं गेलं.

साडीचा प्रश्न अवघड होता. निऱ्यांची मोजणी चुके, पदर काखेतून येई. गाऊन घाल म्हटल्यावर ती ताडकन म्हणाली, "मी काय आजारी आहे का, दिवसभर गाऊनमध्ये बसायला?" शेजारच्या शिंपिणीने तिच्याच सहा साड्या निऱ्या शिवून, कमरेला हूक लावून दिल्या. नेसणं आता दोन मिनिटांचं. पदर मात्र तिचा तीच खांद्यावर घेते, आम्ही हात लावत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या घरांत हीच रीत वेगळं रूप घेते. स्मृती गेलेल्या घरात गॅसऐवजी इंडक्शनची शेगडी ठेवावी. भांडं उचललं की ती आपोआप थांबते. कपाळामागच्या आजारात सूचना, समजावणं, शपथा सगळं पाण्यात. तिथे परिसरालाच आवर घालावा लागतो. साखरेचा डबा घरात छोटाच ठेवायचा. एकच टी-शर्ट हट्टाने घालत असेल तर तसलेच चार आणायचे. पुढाकार गेलेल्याला "आंघोळ करतोस का?" असं विचारलं तर उत्तर 'नाही' असंच येणार. बादली भरून, टॉवेल खांद्यावर टाकून, हात धरून नुसतं "चला" म्हणायचं. भाषा गेलेल्या घरात तर तोंड बंद आणि हात चालू. वस्तू दाखवा, खूण करा, आपण करून दाखवा.

संध्याकाळचं वेगळं सांगायला हवं. तिन्हीसांजेला कित्येकांची घालमेल वाढते. शरीराचं घड्याळ बिघडलेलं असतं, दिवसभराचा थकवा साचलेला असतो, आणि लांबलेल्या सावल्यांमुळे घर अनोळखी दिसू लागतं. दिवेलागणीची वाट न पाहता पाचलाच सगळे दिवे लावणं आणि त्या वेळेला ठरलेलं एक हाताचं काम असणं, याने बराच फरक पडतो. बाहेर पडण्याची ओढ असेल तर रोज दोनदा स्वतःहून फिरवून आणणं कुलपापेक्षा स्वस्त पडतं. तरी परकराच्या आतल्या पट्टीवर घरचा फोन नंबर शिवून ठेवावा, आणि रिक्षास्टँड, किराणावाला, एस.टी.चा कंट्रोलर यांना आजार उघड सांगून ठेवावा. माणसाला एकट्याला घरात कोंडून जाणं मात्र कधीच नाही. आग लागली तर ते कुलूप कोण उघडणार?

"मला काही झालेलं नाही"

हे वाक्य प्रत्येक घरात येतं आणि प्रत्येक घर त्यावर वाद घालतं. जोसेफ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये एक शब्द घडवला, अनोसॉग्नोसिया : आपल्या आजाराची जाणीवच नसणं. स्वतःवर नजर ठेवणारा मेंदूचा भाग बिघडला की बिघाड दिसायला उरतं कोण? हे नाकारणं, लपवणं किंवा अहंकार नव्हे. पुरावे मांडून हा खटला जिंकता येत नाही, कारण न्यायाधीशच गैरहजर आहे.

मग खोटं बोलायचं का? मृत आई कुठे आहे असं विचारणाऱ्या बाईला रोज मृत्यूची बातमी नव्याने द्यायची का? मी आधी सत्याच्या बाजूचा होतो. आता निम्मा आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवून एक प्रयोग झाला. काही मिनिटांत त्यांना चित्रफितीत काय होतं ते आठवेना, पण आलेलं दुःख किंवा आनंद त्यानंतरही रेंगाळत राहिला. प्रसंग पुसला जातो, त्याची चव उरते. याचा अर्थ सकाळी आपण ओरडलो हे ती विसरली म्हणून आपण सुटलो असं नाही. दुपारभर ती का खिन्न आहे हे तिलाही ठाऊक नसतं. आईबद्दल विचारलं तर "आईची आठवण येतेय का? काय करायची गं आई तुझ्यासाठी?" एवढं पुरतं. यात खोटं काही नाही आणि बातमीही नाही. टॉम किटवूड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९७ च्या आपल्या पुस्तकात माणसाचं माणूसपण मोडणाऱ्या घरगुती आणि संस्थांमधल्या सवयींची यादीच दिली आहे : लहान मूल समजणं, घाई करणं, त्याच्यासमोर त्याच्याबद्दल तिसऱ्याशी बोलणं. ही शेवटची सवय आपल्याकडे पाहुणे आले की हमखास दिसते. "आता हिला काही कळत नाही हो." कळतं.

कागदपत्रं, आणि त्यांची घाई

हा भाग कंटाळवाणा आहे, पण यातली चूक मागाहून दुरुस्त होत नाही.

पहिली चूक नोकरीची. कामात चुका होऊ लागल्या, लोक बोलू लागले, की माणूस अपमान सोसवेना म्हणून राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती लिहून देतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्याला काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. दुसरं योग्य काम द्यावं लागतं, आणि तसं पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावं लागतं. पण राजीनामा दिलेल्याला हे कलम काय कामाचं? ताईचा अर्ज टंकून तयार होता. तो दाजींच्या पिशवीतून शाळेत जायच्या आदल्या रात्री एका जुन्या संघटनावाल्याने थांबवला. निदानाचा कागद आधी, बाकी सगळं नंतर.

दुसरी चूक मुखत्यारपत्राची. 'पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून ठेवलीय' असं म्हणून लोक निर्धास्त असतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार देणाऱ्याचं मन अस्थिर झालं की ते अधिकार संपतात. म्हणजे छत्री नेमकी पावसात मिटते. काही देशांत टिकाऊ मुखत्यारपत्र असतं, तसं आपल्याकडे नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खालचं पालकत्व ठरावीक दिव्यांगत्वांनाच आहे, डिमेन्शिया त्यात नाही. पुढे कुणाला पालक नेमायची वेळ आली तर अनेक कुटुंबांना उच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागतं. म्हणून समज शाबूत असतानाच संयुक्त खाती, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र उरकावं, मृत्युपत्राच्या वेळी समज ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडून. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे पुढे उपचार कसे हवेत हे आधीच लिहून ठेवता येतं आणि आपला प्रतिनिधीही नेमता येतो. हे फार कमी लोक करतात.

वयाची पाचर इथेही आहे. जुन्या करपद्धतीत आयकर कायद्याखाली डिमेन्शियाच्या उपचारखर्चावर साठीच्या आतल्या रुग्णासाठी ४०,००० रुपयांपर्यंत वजावट, साठीच्या पुढच्यासाठी १,००,०००. ज्या घरातला पगार बंद होतो, त्याच घराला सवलत कमी.

रोजच्या पैशांचं एक छोटं. यूपीआय असलेला फोन आणि ढासळती पारख ही जोडी धोक्याची. त्या खात्यात महिन्याच्या किराण्याएवढंच ठेवावं. पण पर्स काढून घेऊ नये. ताईच्या पर्समध्ये नेहमी दहा-वीसच्या सहा-सात नोटा असतात. रिकाम्या पर्सने ती जितकी अस्वस्थ होते तितकी उपाशी पोटीही होत नाही.

धरणारे हात

मुलगा किंवा मुलगी बारावीत असते. मित्रांना घरी आणायचं बंद होतं. आईने शाळेच्या गॅदरिंगमध्ये काहीतरी भलतं बोलल्याची लाज, त्या लाजेचीच पुन्हा लाज. त्यांना निदान नावासकट सांगावं. न सांगितलेलं ते इंटरनेटवर शोधतात आणि सगळ्यांत वाईट पान वाचतात. पुढचा प्रश्न ते विचारत नाहीत, पण असतोच : मलाही होईल? कमी वयात आला म्हणजे आनुवंशिकच, हा समज चुकीचा आहे. एपीपी, पीएसईएन-१ आणि पीएसईएन-२ या तीन जनुकांतल्या बिघाडामुळे होणारा अल्झायमर पिढ्यान्‌पिढ्या, तोही चाळिशी-पन्नाशीत, दिसत आलेल्या थोड्या घराण्यांत असतो. तिथे प्रत्येक अपत्याला धोका निम्मा. कपाळामागच्या आजारात आनुवंशिकतेचा वाटा त्याहून मोठा. बाकी बहुसंख्य घरांत असा एकच दोषी जनुक सापडत नाही. तपासणी करायची तर आधी समुपदेशन, आणि ती सज्ञान झालेल्याने स्वतःच्या मर्जीने. आपल्याकडे मात्र मुलीचं स्थळ मोडेल या धास्तीने आजारच लपवतात, आणि लपवल्यामुळे मदतही बाहेरच राहते.

मदत तरी आहे कुठे? अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करते आहे. दिवसभराची केंद्रं मोठ्या शहरांत मोजकी, तीही ज्येष्ठांसाठी बेतलेली. सत्तरीतल्या आजोबांबरोबर भजनाला बसवलेली ५४ वर्षांची बाई दुसऱ्या दिवशी जात नाही. ब्युरोची बाई बोलवावी तर तिला अंथरुणावरचा पेशंट सांभाळायची सवय. आमच्याकडे आलेल्या पहिल्या बाईने पहिल्याच दिवशी विचारलं, "पेशंट कुठाय?" ताई तिच्यासमोर लसूण सोलत बसली होती. तिने हसून हात वर केला.

पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने या अवस्थेला संदिग्ध वियोग म्हटलं आहे : माणूस समोर आहे आणि गेलेलाही आहे. सुतक नाही, तेरावं नाही, कुणी भेटायला येत नाही. हा आजार बहुतेक वेळा कित्येक वर्षं चालतो, आणि सांभाळणारा तितकी वर्षं टिकावा ही व्यवस्थेची बाब आहे. ती त्याच्या मायेवर सोडून चालत नाही. आठवड्यातले ठरलेले चार तास, ठरलेल्या माणसाने, न मागता दिलेले, हे माझ्या अनुभवात कुठल्याही गोळीइतकं काम करतात. 'काही लागलं तर सांगा' याचा उपयोग नाही. सांगण्याचंही काम त्याच्याच डोक्यावर पडतं.

आमच्याकडे तो गुरुवार. दुपारी दोन ते सहा मी ताईकडे असतो आणि दाजी बाहेर पडतात. पहिले दोन महिने ते जुन्या डेपोच्या बाकावर नुसते बसून परत यायचे. आता दाढी करून घेतात, कुणाच्या तरी गाडीचं बॉनेट उघडून उभे राहतात, आणि येताना कंदी पेढ्यांची दोऱ्याने बांधलेली पुडी आणतात. ताई ती मांडीवर घेते, डोळे मिटते आणि गाठ चाचपू लागते. वेळ लागतो. मागच्या महिन्यात भाकरी 'दोघांचं'मधून 'आमचं'मध्ये गेली. दोऱ्याची गाठ अजून 'तिचं'मध्ये आहे.